वऱ्हाडातला ऱ आणि एक खुला नुस्खा

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीबद्दल निकाल दिला. पाटीवर मराठीसोबत उर्दूतही नाव होतं आणि तिथे १९५६ पासून उर्दू वापरात असल्याचं परिषदेचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी उर्दू कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

मी मराठीत लिहितो आणि घरी उर्दू वाचतो. त्यामुळे मला आणखी एका पाटीची काळजी वाटते. ती म्हणजे संगणकाचा पडदा. तिथे या दोन लिप्या शेजारी कशा नांदतात?

पेंटरला अक्षराचा आकार हाताने ठाऊक असतो. युनिकोड मात्र अक्षराला क्रमांक देतं, आकार देत नाही. ‘क्ष’ साठवला जातो तो क, हलन्त आणि ष असा. ‘कि’ची वेलांटी साठवताना क नंतर येते, दिसताना आधी. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी निराळं दिसतं. हे नियम लागू करणारा प्रोग्राम नसेल तर अक्षरं विस्कटतात. फारसीतून आलेला ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि मेळघाटातल्या ‘दऱ्या’, यांत फरक फक्त र च्या खुणेचा आहे. ‘वऱ्हाड’ हे आपल्या प्रांताचं नावही त्याच खुणेवर उभं आहे.

पूर्वी हे काम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर वेगवेगळ्या यंत्रणा करत. लिनक्सवर तर पँगो आणि क्यूटी यांच्याकडे फ्रीटाइप प्रकल्पातल्या एकाच कोडच्या दोन स्वतंत्र प्रती होत्या. एका प्रतीतली दुरुस्ती दुसरीत आपोआप जात नसे. त्या प्रती एकत्र आणण्यातून हार्फबझ ही मुक्त लायब्ररी उभी राहिली. पुढे इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी ती नव्याने लिहिली. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं. आज फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये तीच आहे. २०१७ मध्ये आलेल्या लिब्रेऑफिस ५.३ पासून तिन्ही प्रणालींवर तीच मजकूर मांडते. त्या कामात खालिद होस्नी यांचा मोठा वाटा होता.

कोड एक झाला, पण तो तयार करण्याच्या वाटा एक झाल्या नाहीत. म्हणून या लायब्ररीसोबत बांधणीच्या टिपांची एक छोटी फाइल असते. डेबियन आणि उबुंटूवर लागणाऱ्या पॅकेजच्या नावाअखेर ‘डेव्ह’ येतं, फेडोरावर ‘डेव्हेल’. मॅकवर होमब्रू किंवा मॅकपोर्ट्स लागतं, विंडोजवर वेगळा कंपायलर. पूर्वी ऑटोटूल्स होतं, आता मेसॉन आहे. असा प्रत्येक बदल झाला की फाइलमधली एखादी ओळ शिळी होते. कोड बिघडला तर आपोआप चालणाऱ्या चाचण्या ओरडतात. टिपेतलं वाक्य चुकलं तर कुणीच ओरडत नाही. नवखा माणूस दोनदा प्रयत्न करतो आणि निघून जातो. उद्या ‘ऱ्ह’ किंवा नस्तालिकमधला दोष दुरुस्त करू शकणारा माणूस कदाचित तोच असतो.

आपल्याकडे नुस्खा या शब्दाचे दोन अर्थ आहेत : हस्तलिखिताची प्रत आणि हकिमाने लिहून दिलेलं औषध. बांधणीच्या टिपा दोन्ही अर्थांनी नुस्खा आहेत. जुन्या कातिबांची नावं आपण विसरलो, पण नक्कल नीट केली म्हणून किताबं उरली. टिपा अद्ययावत ठेवणाऱ्यांचंही तसंच आहे. त्यांच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पुढचा माणूस दारातच अडकतो.

पातूरच्या पाटीचा वाद न्यायालयात सुटला, ते योग्यच झालं. पडद्यावरच्या पाटीसाठी कुठलं न्यायालय नाही. तिथे हक्क मिळवायचा तर काम करावं लागतं. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुला-मुलींनी एका दुपारी या टिपा आपल्या जुन्या संगणकावर ओळीने चालवून पाहाव्यात आणि जिथे अडकतील ती ओळ दुरुस्त करून पाठवावी. फाइल सगळ्यांसाठी खुली आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि कुठली भाषा कुणाची, हेही तिथे कुणी विचारत नाही.