अध्यक्षपद आधी, ग्रंथ नंतर

१९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई टिळक होत्या, ही गोष्ट आपल्याकडे बहुधा त्यांच्या चरित्रातील एक तपशील म्हणूनच सांगितली जाते. मला ती त्याहून मोलाची वाटते. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला १९३४ मध्ये. म्हणजे ज्या ग्रंथामुळे आज आपण त्यांना ओळखतो, तो हाती पडण्यापूर्वीच या लहानशा लेखकसमाजाने त्यांना व्यासपीठावर बसविले होते. बालपणी शाळा न पाहिलेल्या, लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या बाईंचे ऐकायला लिहिती माणसे जमली! हा केवळ रेव्हरंड टिळकांविषयीचा आदर, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

अशा छोट्या संमेलनांना ‘सवतासुभा’ म्हणून हिणविण्याची रीत आहे. हिणविणाऱ्यांनी थोडी सनावळी पाहावी. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला: कुसुमावती देशपांडे. आणि पहिले ख्रिस्ती अध्यक्ष, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत.