अदृश्य नक्षत्राचे ज्ञान : मृग नक्षत्र आणि प्राचीन आकाशनिरीक्षण

प्रस्तावना :

तारे व ग्रह मानवाने प्रथम केव्हा ओळखले, याचे उत्तर लेखी साधनांत मिळत नाही. कारण हे ज्ञान लेखनकलेहून प्राचीन आहे. तथापि परंपरेने जपलेल्या संकेतांवरून त्या निरीक्षणाची पद्धती शोधता येते. मराठवाड्यातील शेतकरी पेरणीसाठी ज्याची वाट पाहतो ते मृग नक्षत्र हा असाच एक संकेत होय. प्रस्तुत लेखात त्याच्या आधारे हा विचार मांडला आहे.

अदर्शनातून ज्ञान :

दरवर्षी ७ वा ८ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो. याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. परंतु सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्या तेजात लोपलेले असते. मग न दिसणारे नक्षत्र कळले कसे? मृग मे महिन्यात सायंकाळच्या संधिप्रकाशात पश्चिमेस दिसेनासा होतो आणि जुलैच्या सुमारास पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागतो. या दोन घटनांच्या मध्ये सूर्य तेथे असला पाहिजे, हे अनुमान होय. दुसरा मार्ग पौर्णिमेचा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. मृगशीर्षाजवळ पूर्ण चंद्र येतो तो महिना मार्गशीर्ष. तेथून सहा महिन्यांनी सूर्य त्याच स्थानी येतो. तात्पर्य, ताऱ्यांची खरी ओळख केवळ पाहण्यातून नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या स्मरणातून झाली.

ग्रहांच्या बाबतीत हे स्मरण अधिकच दीर्घ लागते. तारे परस्परांतील अंतर सोडत नाहीत. बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी मात्र स्थान बदलतात. पहाटेचा आणि सायंकाळचा शुक्र एकच, हे ठरण्यास त्याचे सुमारे ५८४ दिवसांचे चक्र पाहावे लागते. शनीची एक प्रदक्षिणा तर साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका पिढीची असते.

ग्रंथांची साक्ष :

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या मराठी ग्रंथात शतपथ ब्राह्मणातील कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, या उल्लेखावरून त्या निरीक्षणाचा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा ठरविला. या कालनिर्णयाविषयी मतभेद आहेत. मात्र उल्लेखामागे प्रत्यक्ष पाहणे होते, हे त्यावरून सूचित होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने दक्षिणायनारंभ पूर्वी आश्लेषेच्या मध्यावर होत असे, आता तो पुनर्वसूत होतो, अशी नोंद केली. परंपरेहून भिन्न दिसले तेव्हा त्याने दिसलेले प्रमाण मानले.

हा फरक अयनचलनाचा आहे. नक्षत्रांच्या संदर्भात संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने तितक्या काळात साधारण एक दिवस पुढे जातो. वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी, म्हणजे मेच्या मध्यानंतर लगेच, प्रवेश करीत असे. पावसाच्या आगमनाचा काळ आजच्यासारखाच होता असे धरल्यास मृग आणि पेरणी यांचे आजचे नाते तेव्हा जुळत नव्हते. ते नंतरच्या पिढ्यांनी पाहून जुळविले, असे मानावे लागते.

यादवांची राजधानी देवगिरी येथून जवळच, चाळीसगावनजीकच्या पाटणे येथील शिलालेखात (१२०७) भास्कराचार्यांचा नातू व सिंघण यादवाचा राजज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. शेतातील स्मरणाच्या जोडीला या परिसरात ग्रंथाध्ययनाचीही व्यवस्था होती.

निष्कर्ष :

नक्षत्रांची नावे प्राचीन आहेत. त्यांचे ऋतूंशी असलेले नाते मात्र स्थिर नाही. आणखी सुमारे ७०० वर्षांनी मृगप्रवेश १८ जूनच्या आसपास होईल. म्हणून मृगाची परंपरा अनादि व अपरिवर्तनीय मानणे हे तिच्या निर्मात्यांवर अन्याय करणारे आहे. ती टिकली ती पुन्हा पुन्हा आकाश पाहिल्यामुळे. आज ‘मृग’ दिनदर्शिकेत छापून येतो. त्यामागील निरीक्षण विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घेणे, हे इतिहास व विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे समान कार्य ठरते.