हँगरचं भाडं आणि पंखाची पिन

आजचा भाग विमानांचा आहे, पण आपण आकाशात कमी आणि हायवेवर जास्त असणार आहोत.

स्वतःचं विमान बाळगणाऱ्याची जुनी डोकेदुखी म्हणजे जागा. इंजिन एकदाच विकत घ्यायचं, हँगरचं भाडं मात्र दर महिन्याला. १९२५ मध्ये इंग्लंडात जेफ्री डी हॅविलंड यांनी यावर सरळ उपाय काढला. त्यांच्या मॉथ विमानाचे पंख बिजागरीवर मागे दुमडायचे आणि विमान मोटारीमागे ओढून नेता यायचं. याच घराण्यातलं पस मॉथ घेऊन जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून निघून जुहूला उतरले. म्हणजे टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली ती पंख दुमडणाऱ्या विमानाने!

मॉथ कारखान्यात बनायचं. घरी बनवणाऱ्यांची गोष्ट रंगली अमेरिकेत. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिनमध्ये हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली, ईएए. पुढे तिने डिझाइनची स्पर्धा लावली. विमान स्वस्त हवं, घरच्या वर्कशॉपमध्ये बनायला हवं, नवख्या पायलटला झेपायला हवं आणि पंख दुमडून रस्त्याने नेता यायला हवं. सिएटलचे पीटर बॉवर्स बोइंगमध्ये इंजिनियर. त्यांनी लाकूड आणि कापडाचं, एका सीटचं फ्लाय बेबी बनवलं. आपल्या भाषेत साइड प्रोजेक्ट! १९६० मध्ये ते उडालं, १९६२ मध्ये स्पर्धा जिंकलं.

आता खरी गंमत. फ्लाय बेबीचा पंख बॉडीच्या बुडाशी असतो आणि त्याला वरून-खालून स्टीलच्या तारांनी ताणून धरलेलं असतं. खालच्या तारा थेट चाकांपाशी येतात. विमान जमिनीवर उभं असताना पंखाचं वजन वरच्या तारा पेलतात. हवेत गेलं की पंख वर उचलला जातो आणि भार खालच्या तारांवर येतो. म्हणजे ज्या तारांवर तुमचा जीव, त्यांची परीक्षा विमान नुसतं उभं असताना होतच नाही.

घरी न्यायचं तर तारा सोडायच्या, पिना काढायच्या, पंख उभा करून बॉडीला टेकवायचा. साधारण साडेआठ मीटर रुंदीचं विमान रस्त्यावर मावेल इतकं होतं. ते स्वतःच्या चाकांवर ओढता येतं, पण ती चाकं धावपट्टीवरच्या छोट्या धावेसाठी असतात. लांबच्या प्रवासाला ट्रेलरच बरा. त्यातही भानगड आहे. पंखाला हवेचा सगळीकडे पसरलेला भार सवयीचा असतो. ट्रेलरवर खड्डा आला की झटका नेमका टेकूच्या जागी बसतो. म्हणून तिथे गाद्या घालायच्या आणि एलेरॉन बांधून टाकायचे, नाहीतर ते वाऱ्याने वाटभर आपटत राहतात.

मैदानावर पोचलात की सगळं उलट क्रमाने. तारांचा ताण टर्नबकल फिरवून जुळवायचा. सैल राहिली तर पंखाचा कोन बदलतो. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर विमान एका अंगाला कलत राहतं. शेवटी टर्नबकल उलटा फिरू नये म्हणून त्यात सेफ्टी वायर ओवायची. ही दोन रुपयांची वाटणारी वायर विसरायची नाही. मला प्रॉडक्शनवर कोड टाकण्याची आठवण येते, फक्त इथे रोलबॅक नाही.

हे सगळ्यात जास्त भोगलं ग्लायडरवाल्यांनी. त्यांचं विमान सकाळी ट्रेलरमधून निघतं, संध्याकाळी परत आत जातं. पंख बसला, पिन बसली, पण कंट्रोलचा दांडा जोडायचाच राहिला, असे जीवघेणे अपघात झाले आहेत. म्हणून त्यांच्यात एक पद्धत आहे. एकाने बाहेर एलेरॉन हाताने घट्ट धरायचा, दुसऱ्याने आत बसून स्टिकला जोर लावायचा. नुसतं हलतंय एवढं बघून भागत नाही, कारण अर्धवट बसलेला जोडही बिनभाराचा छान हलतो. जुळवाजुळव चालू असताना त्या माणसाशी गप्पा मारायला जायचं नाही, हेही तिथे शिकवतात.

डिझाइन करणाऱ्यांनीही मग धडा घेतला. बऱ्याच नव्या ग्लायडरमध्ये पंख सरकवून बसवला की कंट्रोल आपोआप जोडले जातात. जुनी ग्लायडर मात्र अजून उडतात, आणि त्यांच्याजवळ सकाळी दोन माणसं लागतातच, एक आत आणि एक एलेरॉन धरून बाहेर.