दिवाण दिनकरराव आणि मसलतीची रीत

ज्या बैठकीत घड्याळाखेरीज दुसरे काहीच पुढे सरकत नाही, तिच्याविषयी तक्रार सारेच करतात. परंतु कोणासही न दुखविता ती मार्गावर कशी आणावी, हे थोड्यांनाच साधते. ग्वाल्हेरचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडण्यासारखे आहे.

दिनकररावांचा जन्म १८१९ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. वाडवडिलांप्रमाणे तेही पंधराव्या वर्षी शिंद्यांच्या चाकरीत शिरले. पुढे १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर व पनिहार येथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दरबाराची घडी विसकटली. १८५२ च्या सुमारास दिनकररावांकडे दिवाणगिरी आली, तेव्हा खजिना रिता होता आणि पगार कमी केल्यावाचून गत्यंतर नव्हते. असा विषय मसलतीत निघाला म्हणजे प्रत्येकजण आधी बोलणाऱ्याच्या ताटाकडे पाहतो. दिनकररावांनी जी कपात केली, तीत स्वतःचा पगारही घातला. जाचक कर उठविले, आणि तरीही तुटीच्या जागी शिल्लक पडू लागली. ज्याने स्वतः आधी सोसले, त्याला फार बोलावे लागत नाही.

दुसरा प्रसंग कलकत्त्याचा. १८६२ साली व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात प्रथमच तीन हिंदी सभासद बसले. पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंग, काशीचे राजा देवनारायणसिंग आणि तिसरे दिनकरराव. तेथील कामकाज इंग्रजीत चाले. दिनकररावांनी ती भाषा चाळिशीत शिकावयास घेतली होती आणि अखेरपर्यंत ती त्यांना सफाईने बोलता आली नाही. अशा वेळी शोभेपुरते बसून राहणे सोपे होते. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानच्या राज्यकारभाराविषयीची आपली निरीक्षणे लिहून मांडली. जे बोलण्यात साधत नव्हते, ते त्यांनी कागदावर साधले.

खरी कसोटी मात्र १८७५ साली बडोद्यास लागली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविण्याचा यत्न केल्याचा आरोप मल्हारराव गायकवाड यांच्यावर होता. चौकशीमंडळात तीन इंग्रज अधिकारी, शिंदे व जयपूरचे महाराज आणि दिनकरराव असे सहाजण होते. सर रिचर्ड कौच अध्यक्ष. १८५७ च्या धामधुमीत दिनकररावांनी इंग्रजांची बाजू धरली, याबद्दल त्यांना दोष देणारे आजही आहेत. तेव्हा सरकारच्या मनासारखे मत ते देतील, असे कोणासही वाटले असते. तिन्ही इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत मानला. हिंदी सभासदांनी मानला नाही. दिनकररावांनी पुरावा तोलून, आरोप सिद्ध होत नाही असे आपले मत नोंदविले. त्यासाठी कोणाशी वैर धरण्याची गरज पडली नाही.

मंडळ तीनास तीन असे दुभंगले. त्या एप्रिलात मल्हाररावांची गादी गेलीच; पण ती काढताना सरकारला विषप्रयोगाचा निकाल पुढे करता आला नाही, गैरकारभाराचे कारण द्यावे लागले.

या मंडळात एकमत झाले नाही, म्हणून त्याचे बसणे फुकट गेले असे म्हणता येणार नाही. एकमताचा देखावा झाला असता, तर मात्र ते फुकट गेले असते. आपल्या कचेरीतील, शाळेतील वा सोसायटीतील सभेत पुढच्या वेळी बसताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यागाची सूचना करणाऱ्याने आरंभ स्वतःपासून करावा. ज्याला बोलता येत नाही, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. आणि मतभेद झाला, तर तो सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे नोंदवावा.