भाव उतरण्याची वाट

“घर पाहावें बांधून” ही म्हण आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आलेली आहे. तींत घर बांधण्याचा उल्लेख आहे, घर विकत घेण्याचा नाहीं. ज्या समाजांत ती जन्मास आली, तेथें घर म्हणजे वडिलार्जित जागेवर गांवचा गवंडी व सुतार बोलावून सवडीनें उभारावयाची वस्तु होती. अशा घरास बाजार नसे, आणि बाजार नसल्यामुळें भावहि नसे. घरास भाव असतो, तो आज चढतो आणि उद्यां उतरतो, ही गोष्ट आपणां मराठी माणसांस मुख्यतः मुंबईनें शिकविली. आणि तिच्या पाठोपाठ भाव उतरण्याची वाट पाहत बसणें हेंहि तिनेंच शिकविलें. चढत्या बाजाराच्या बखरी पुष्कळ झाल्या आहेत. जो थांबला त्याची बखर मात्र माझ्या पाहण्यांत नाहीं. दप्तरांत नोंद होते ती खरेदीची आणि दिवाळ्याची. ज्यानें कांहींच केलें नाहीं त्याचा कागद कोठून असणार?

या कथेचा पहिला अध्याय 1861 सालीं, तोहि मुंबईंत नव्हे तर अमेरिकेंत, सुरू होतो. त्या वर्षीं तेथील उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्यें यादवी युद्ध जुंपलें, दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें रोखून धरलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. मग सर्व जगाची नजर वऱ्हाड, खानदेश व गुजराथ यांच्या कापसाकडे वळली. तो सर्व माल मुंबई बंदरांतूनच जावयाचा. युद्धाच्या चार-पांच वर्षांत नेहमींच्या उत्पन्नाहून जो अधिक पैसा या शहरांत आला, त्याचा अंदाज सत्तर ते ऐंशी कोटी रुपयांच्या घरांत केला जातो. हा रुपया 1860 च्या दशकांतला होता, हें वाचकांनीं विसरूं नये.

आलेला पैसा कोठें तरी गुंतवावयास हवा. सर बार्टल फ्रियर हे 1862 सालीं गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकीर्दींत जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यास आरंभ झाला. शहर वाढणार हें उघड दिसूं लागलें. बेटावर जागा थोडी. म्हणून समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅक बे कंपनीची हकीकत प्रसिद्ध आहे. पांच हजार रुपयांचा तिचा भाग पन्नास हजारांच्या घरांत जाऊन पोंचला. ज्या जमिनीसाठीं हा भाव मिळत होता ती जमीन त्या वेळीं पाण्याखालीं होती. भरती-ओहोटी तिच्यावरून दररोज दोन वेळां जात होती. सर दिनशा वाच्छा यांनीं 1910 सालीं या काळावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. हा प्रकार चालला तेव्हां ते विशीच्या आसपासचे तरुण होते, त्यामुळें त्या पुस्तकास आंकड्यांबरोबरच डोळ्यांनीं पाहिल्याची ऊब आहे. प्रेमचंद रायचंद यांचें नांव त्यांत पदोपदीं येतें. त्यांच्या एका शब्दावर भाग मिळत आणि भागांच्या तारणावर बँका कर्जें देत. म्हणजे चढलेल्या भावाच्या जोरावर पैसा उभा राही आणि त्याच पैशानें भाव आणखी चढे.

परंतु मला पाहावयाचा आहे तो माणूस या पुस्तकांत फारसा येत नाहीं. 1864 सालच्या शिरगणतींत मुंबईची वस्ती 8,16,562 भरली. 1849 मध्यें ती 5,66,119 होती. पंधरा वर्षांत अडीच लाख माणसें वाढलीं, पण बेट तेवढेंच होतें. कोंकणांतून गलबतानें उतरलेला, घांटावरून आलेला, कचेरींत लेखणी चालविणारा वा गोदींत ओझें वाहणारा माणूस एका खोलींत चार-पांचांबरोबर राहिला असला पाहिजे. धान्य, मजुरी, भाडें, सर्वच वर गेलें. यांतील ज्या कोणाजवळ चार पैसे शिल्लक होते त्यानें काय केलें असेल? कांहींनीं भाग घेतले; मोठमोठ्या सावकारांपासून घरगड्यांपर्यंत सर्वांस ती बाधा झाली होती. पण प्रत्येक गांवांत असतो तसा सावध माणूस मुंबईंतहि असणारच. हें वेड टिकावयाचें नाहीं, पाणी ओसरूं द्यावें, मग पाहूं, असें तो म्हणाला असेल.

त्याचें म्हणणें खरें ठरलें. 9 एप्रिल 1865 रोजीं सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. ती वार्ता मुंबईस पोंचतांच कापसाचा भाव कोसळला. भागांच्या वायद्यांची मोठी मुदत 1 जुलै रोजीं भरावयाची होती. त्या दिवशीं देणेंकरी पुष्कळ आणि देणारा कोणी नाहीं अशी अवस्था झाली. बॅक बेचा भाग दोन हजारांच्याहि खालीं गेला. बँक ऑफ बॉम्बेचा पांचशेंचा भाग 2,850 पर्यंत चढला होता, तो 87 वर आला. दिवाळखोरांच्या निकालासाठीं सरकारास 1865 चा 28 वा कायदा मुद्दाम करावा लागला. पुढल्या वर्षीं लंडनमध्येंहि मोठी पेढी बुडाली, प्रेमचंदांचें दिवाळें निघालें, आणि 1868 मध्यें जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

आतां आपल्या सावध माणसाची पाळी आली असें वाचकांस वाटेल. मलाहि पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें. पण 1872 च्या शिरगणतीचा आंकडा पाहा: 6,44,405. म्हणजे आठ वर्षांत 1,72,157 माणसें कमी झालीं. 1864 ची गणना आजच्याइतकी काटेकोर नव्हती हें धरलें तरी हा फरक नुसत्या चुकीनें पडणारा नाहीं. माणसें निघून गेलीं. घरें स्वस्त झालीं तीं घेणारा उरला नाहीं म्हणून. आणि घेणारा उरला नाहीं तो ज्या कारणानें घरें स्वस्त झालीं त्याच कारणानें. कापूस बसला तसा व्यापार बसला, व्यापाराबरोबर कचेऱ्या बंद झाल्या, कचेरीबरोबर कारकुनाचा पगार गेला. ज्यानें शिल्लक पेढींत ठेवली होती त्याच्या पेढीचेंच काय झालें हें त्यास आधीं पाहावें लागलें. घराचा भाव एकटा उतरत नाहीं. बरोबर नोकरी, पत आणि धीर या तिघांनाहि घेऊन उतरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हें मागणीची रेषा सरकली एवढ्या शब्दांत येतें, आणि मी तें तितक्याच निर्विकारपणें वर्गांत सांगत आलों आहें.

मग वाट पाहण्याचा लाभ कोणास झाला? माझ्या मतें मुख्यतः सरकारास. एल्फिन्स्टन लँड कंपनीची मालमत्ता 1870 मध्यें सरकारनें घेतली आणि तिच्याच आधारावर 1873 मध्यें पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. बॅक बेची जी थोडीशी पट्टी भरून झाली होती तिचा उपयोग पुढें आगगाडीच्या रुळांसाठीं झाला. चर्चगेटला गाडीनें जाणारा माणूस त्या पन्नास हजारांच्या भागावरूनच जातो, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेनें 1874 मध्यें सचिवालय, 1878 मध्यें हायकोर्ट अशा इमारती उठल्या. 1878 मध्येंच राजाबाई मनोराहि पुरा झाला; त्याचे पैसे प्रेमचंदांनीं भरभराटीच्या काळांत, 1864 मध्यें, देऊन ठेवले होते. सरकारला घरभाडें द्यावें लागत नाहीं आणि सरकार म्हातारें होत नाहीं. वाट पाहण्यास या दोन गोष्टी फार उपयोगी पडतात.

दुसरा अध्याय थोडक्यांत आटोपतों. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई इतकी झाली कीं 1918 मध्यें भाडेनियंत्रणाचा कायदा आला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं 1920 मध्यें विकासखातें स्थापून पुन्हां बॅक बेला हात घातला. कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. 207 चाळी झाल्या. त्या पुऱ्या होईपर्यंत तेजी ओसरली होती, आणि लांब जागा व जास्त भाडें यांमुळें कित्येक खोल्या वर्षांनुवर्षें रिकाम्या राहिल्या. आज वरळी-नायगांवच्या त्या बी.डी.डी. चाळींतील खोलीसाठीं चाललेली धडपड पाहून यावर विश्वास बसणें कठीण. पुढें 1930 नंतरच्या मंदींत दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींवर “जागा भाड्यानें देणें आहे” अशा पाट्या लटकत, हें मीं त्या पिढीच्या वृद्धांकडून अनेकदां ऐकलें आहे. ते हें हसून सांगत. पण 1931 मध्यें सरकारी नोकरांचा पगार शेंकडा दहा कापला गेला होता, हें त्यांतील एकाला मीं विचारल्यावरच आठवलें. मध्यमवर्गीय माणूस तेव्हां घर घेण्याच्या भानगडींत पडतच नसे. भाड्यानें राही आणि त्यांत कमीपणा मानीत नसे. 1947 च्या कायद्यानें सप्टेंबर 1940 चें भाडें हेंच प्रमाण भाडें ठरलें, आणि ज्याचें बिऱ्हाड होतें तो तरला. ज्याचें नव्हतें त्यास पागडी हा शब्द शिकावा लागला.

तिसऱ्या अध्यायांत मला स्वतःविषयीं लिहावें लागत आहे, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

1991 नंतर देशाचें आर्थिक धोरण पालटलें, परदेशचा पैसा येऊं लागला, आणि 1995 च्या सुमारास नरीमन पॉइंट येथील कचेऱ्यांचीं भाडीं जगांतील अत्यंत महाग जागांच्या पंक्तीस जाऊन बसलीं. त्याच वर्षीं माझे वडील एका कचेरींतून सेवानिवृत्त झाले. आम्ही गिरगांवांत तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलींत राहत होतों. नळ चाळीचा, संडास मजल्याच्या टोकाला. हातीं आलेल्या निधींतून डोंबिवलीस एक लहानसें घर घ्यावें असें त्यांच्या मनांत होतें. मी तेव्हां नुकताच इतिहास शिकवूं लागलों होतों आणि वाच्छांचें पुस्तक नुकतेंच वाचून झालें होतें.

“तूं हें सगळें वाचतोस. भाव असाच चढत राहणार कां?” वडिलांनीं विचारलें.

“अण्णा, थांबा,” मीं म्हटलें. “हा 1864 चा बाजार आहे. पडणारच.”

आई चुलीशीं होती. ती म्हणाली, “त्या चौसष्ट सालीं थांबलेल्यांच्या बायका पाणी कुठून भरीत, तेंहि तुझ्या पुस्तकांत असेल, नाहीं कां रे?”

विहार तलावाचें पाणी मुंबईला 1860 मध्येंच आलें होतें, असें मीं तिला सांगितलें. अशीं उत्तरें माणूस पंचविसाव्या वर्षीं देतो.

माझें भाकित अक्षरशः खरें झालें. 1996 पासून भाव उतरूं लागले आणि पुढें सहा-सात वर्षें ते उठले नाहींत. अण्णांनीं एक वही घातली होती. दर रविवारीं वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहून डोंबिवली, मुलुंड, बोरिवली येथील चौरस फुटाचा भाव ते तींत तारखेसह उतरवून ठेवीत. प्रत्येक उतरता आंकडा पाहून त्यांस समाधान वाटे आणि प्रत्येक उतरता आंकडा त्यांस आणखी थांबावयास सांगे. आज घेतलें आणि उद्यां आणखी उतरलें तर? चढत्या बाजारांत भय असतें तसें उतरत्या बाजारांतहि असतें, हें मला पुस्तकांत कोठें सांपडलें नव्हतें. 1998 मध्यें एक अर्धवट बांधलेली इमारत फार स्वस्तांत मिळत होती. त्यांनीं ती सोडली. तिचें बांधकाम पुढें बंद पडलें आणि पैसे भरलेले लोक फेऱ्या मारीत राहिले. तेव्हां थांबण्यानें त्यांचें रक्षणहि केलें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या ठेवीच्या व्याजावर घर चालत होतें तें व्याजहि याच वर्षांत कमी होत गेलें. मुद्दलाला हात लागूं लागला. घर स्वस्त होत होतें आणि अण्णा त्याच्याबरोबर गरीब होत होते.

2001 च्या फेब्रुवारींत ते त्याच तिसऱ्या मजल्यावर वारले. शेवटचें वर्षभर त्यांना संडासापर्यंत हाताला धरून न्यावें लागत असे.

2003 मध्यें मीं कर्ज काढून डोंबिवलीस दोन खोल्यांचें घर घेतलें. 1995 मध्यें घरासाठीं काढलेल्या कर्जावर सोळा टक्क्यांच्या आसपास व्याज पडे, मला आठाच्या आसपास पडलें. या दृष्टीनें माझा मुहूर्त इतिहासाच्या कोणाहि विद्यार्थ्यास अभिमान वाटावा असा होता. करारावर सही करून आल्यावर मीं ती वही काढून पाहिली. डोंबिवलीची शेवटची नोंद जानेवारी 2001 ची होती, आणि मीं दिलेला भाव तिच्याहून चौरस फुटास चाळीस रुपयांनीं जास्त होता.

नव्या घरांत नळाला दिवसभर पाणी असे. आई तरीहि रात्रीं निजण्यापूर्वीं दोन कळशा भरून ओट्यावर ठेवी, आणि सकाळीं त्या झाडांना ओतून टाकी.