जिप्सीच्या पिढ्या आणि 90 मिलिमीटर



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांचा, तुकड्यांचा आणि माणसांचा इतिहास पाहतो. आज एका गाडीचा पाहू. निमित्त घरचंच आहे. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला, "मामा, जिप्सी घ्यायचीय. रॅलीला उतरणार आहे. कुठली घेऊ?"

तीन गाड्या त्याच्या नजरेत होत्या. पहिली 1990 सालची, अरुंद चाकांची, सगळ्यांत स्वस्त. दुसरी 1998 सालची जिप्सी किंग. तिसरी लष्कराच्या लिलावातून निघालेली, 2000 नंतरची, एमपीएफआय इंजिनाची. चार वर्षांची बचत एकाच गाडीत घालायची होती, म्हणून त्याने मला विचारलं. मी जयपूरला राहतो, थर वाळवंटाच्या वाटेवर. त्यातून नोकरीची बरीच वर्षं जिप्सीच्या पुढच्या सीटवर गेली. मामाला सगळं माहीत, असा त्याचा समज आहे. फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते मलाच पटेना. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

जिप्सीला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण परदेशात हौशी शर्यतपटू ज्या कारणांसाठी माझदा एमएक्स-5 घेतात, त्याच कारणांसाठी आपल्याकडे जिप्सी घेतली गेली. वजनाने हलकी, रचनेने साधी, सुटे भाग सहज मिळणारी आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. एमएक्स-5 आली 1989 मध्ये, 1.6 लिटरचं इंजिन आणि टनाच्या आत वजन घेऊन. 2015 मध्ये तिची चौथी पिढी आली, तरी वजन टनाच्या आसपासच राहिलं. अमेरिकेत हौशी लोकांसाठी 'स्पेक मियाटा' नावाचा वर्ग आहे. त्यात या गाडीच्या पहिल्या दोन पिढ्या एकत्र धावतात. कोणत्या गाडीने किती वजन वाहायचं आणि इंजिनाच्या श्वासावर किती अटकाव लावायचा, हे नियम ठरवतात, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक मिटतो आणि कस चालवणाऱ्याचा लागतो. आपल्याकडे जिप्सीसाठी असं तराजू लावून कोणी बसलं नाही. ते काम घेणाऱ्यालाच करावं लागतं.

आता इतिहास. जपानमध्ये सुझुकीने 1970 मध्ये जिम्नी नावाची चिमुकली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी काढली. इंजिन होतं 360 सीसीचं, टू-स्ट्रोक. तिच्या पुढच्या पिढीचा लांब अवतार म्हणजे आपली जिप्सी. मारुती 800 रस्त्यावर आली डिसेंबर 1983 मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर 1985 मध्ये, जिप्सी आली. 970 सीसी, 45 अश्वशक्ती, चार गिअर. शिडीसारखी चौकट, पुढेमागे सलग आस, चारही चाकांवर पाटे.

लष्करात आम्ही तेव्हा जोंगा वापरायचो. निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनणारी ती दणकट गाडी, सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली. ताकद अफाट आणि तहानही तशीच. तिच्या शेजारी जिप्सी उभी राहिली तेव्हा आमचे जुने ड्रायव्हर हसले होते. पण वाळूत जोंगा स्वतःच्या वजनाने रुतायची, तिथून जिप्सी टुणटुण निघून जायची. मग हसू थांबलं.

रॅलीवाल्यांनाही हेच दिसलं. मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली आणि परदेशी चालक आपल्या घाटांत आले. त्यांच्या गाड्या पाहून आपल्या पोरांनी हात चोळले, कारण तशी गाडी इथे विकतच मिळत नव्हती. जिप्सीने ती अडचण दूर केली. पुढे 1999 मध्ये रेड दी हिमालय सुरू झाली आणि 2003 मध्ये राजस्थानच्या वाळूतली डेझर्ट स्टॉर्म. दोन्हीकडे स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या हौशी माणसाचं वाहन बहुधा जिप्सीच असायचं.

आता पिढ्या मोजू. जुलै 1993 मध्ये चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरने वाढलं. पुढचं झालं 1300, मागचं 1310. चाकांवर फुगीर कमानी आल्या, त्यावरून ही गाडी लांबूनही ओळखू येते. जून 1996 मध्ये एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन बसलं, अश्वशक्ती 60 झाली, पाचवा गिअर आला आणि नाव पडलं जिप्सी किंग. मार्च 2000 मध्ये त्याच मापाचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं, 80 अश्वशक्तीचं. त्यानंतर 2019 पर्यंत मोठा बदल नाही. एअरबॅग आणि एबीएसचे नियम आले आणि सामान्य ग्राहकांसाठी गाडी बंद झाली.

लोक ही यादी वाचतात आणि 45, 60, 80 हे आकडे लक्षात ठेवतात. 90 मिलिमीटर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या राहतात, त्याला कारण आहे.

1990च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मेजर होतो आणि आमचा सराव बिकानेरकडच्या महाजन रेंजवर चालला होता. सकाळच्या बैठकीला उशीर होत होता. अरुंद चाकांची जिप्सी, एकेरी डांबरी रस्ता, दोन्ही कडांना वाळू. मी ड्रायव्हरला म्हटलं, "जरा दाबा." पुढे वळणावर उंटगाडी आली. त्याने गाडी कडेला घेतली, बाहेरचं चाक वाळूत रुतलं आणि जिप्सी आडवी झाली. अगदी सावकाश, थकलेलं जनावर बसावं तशी. मला खरचटलंही नाही. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चौकशीत मी लिहून दिलं की वेग माझ्या सांगण्यावरून वाढवला होता. त्यात दोष गाडीचाही नव्हता आणि त्याचाही नव्हता. पण तेव्हापासून कोणत्याही गाडीकडे पाहताना मी आधी तिची उंची आणि चाकांची रुंदी बघतो.

भाच्यासाठी मी तेच गणित मांडलं. वळणावर गाडी कलंडते केव्हा, हे दोन गोष्टींवर ठरतं. चाकांमधलं अंतर किती आणि वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच. उंची तीच धरली, तर 1210 वरून 1300 मिलिमीटर म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आतली वाढ. पण वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे कलंडण्याचा वेग वाढतो जेमतेम साडेतीन टक्के. ज्या वळणावर जुनी गाडी ताशी 40 किलोमीटरला उलटली असती, तिथे रुंद गाडी साडेएक्केचाळीसला उलटेल. फायदा फक्त दीड किलोमीटरचा!

आणि इंजिन? 45 वरून 80, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. मंडळी, मला हे आधी कधी असं दिसलंच नव्हतं. पंधरा वर्षांत गाडीची धाव एवढी वाढली आणि तोल वाढला इतकाच. म्हणजे नवी पिढी त्याच वळणाशी तुम्हाला जास्त वेगात आणून सोडते. एमएक्स-5 मुळातच जमिनीला चिकटून चालणारी, तिच्यात वाढीव ताकद पचते. उंच जिप्सीत ती चालवणाऱ्याच्या डोक्याला पचवावी लागते.

मग जुनी, कमी ताकदीची गाडी बरी का? तसंही नाही. लडाखमध्ये मी कार्बुरेटरच्या आणि एमपीएफआयच्या, दोन्ही गाड्या वापरल्या आहेत. खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. कार्बुरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल गरजेपेक्षा जास्त देत राहतो, गाडी काळा धूर ओकते आणि चढावर धापा टाकते. एमपीएफआयमध्ये सेन्सर हवा मोजून पेट्रोल बेतशीर देतात. उंचीवर ताकद तिचीही घटते, पण सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते.

वाळवंटातही तेच. मे महिन्यात जैसलमेरकडे कार्बुरेटरच्या गाडीचं पेट्रोल पाइपातच उकळायचं आणि गाडी बंद पडायची. मग पंपावर ओलं गोणपाट टाकून झाडाखाली बसायचं, झाड असलंच तर. एमपीएफआयमध्ये पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं, त्यामुळे हा त्रास क्वचितच होतो. उलट बाजूही सांगतो. कार्बुरेटर तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने खोलून साफ करू शकता. सेन्सर गेला तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन नुसतं उभं राहायचं. म्हणून एमपीएफआयवाल्याने पंपाचा रिले आणि मोजके सेन्सर सोबत ठेवावेत.

नवी पाच दारांची जिम्नी 2023 मध्ये आपल्याकडे आली. तिला पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, शंभराच्या थोडी वर अश्वशक्ती आहे आणि वजन बाराशे किलोच्या आसपास आहे. टनामागे हिशेब केला तर ती 985 किलोच्या शेवटच्या जिप्सीच्या फार पुढे नाही. पण तिला एअरबॅग आहेत आणि एबीएस आहे. जिप्सी घेणाऱ्याने हे विसरू नये. तिच्यात तुम्हाला वाचवणारं जे काही असेल, ते तुम्हालाच बसवायचं आहे.

तेव्हा भाच्याला दिलेलं उत्तर असं. 1990ची गाडी स्वस्त आहे, देखणी आहे, तिला घरी सांभाळ आणि रविवारी फिरव, पण शर्यतीला नको. किंग चांगली आहे, पण तिच्यात कार्बुरेटरची दुखणी राहिलीच. लिलावातली एमपीएफआय घे. कागद नीट तपास, चौकटीला कुठे तडा किंवा वेल्डिंग आहे का ते खाली झोपून बघ. घेतलीस की इंजिनाला हात लावू नकोस. पहिला पैसा रोल केजला, दुसरा पट्ट्यांना, मग टायर, ब्रेक आणि शॉकअॅब्सॉर्बर. पहिलं वर्षभर फक्त टीएसडी प्रकारात उतर. तिथे ठरवून दिलेल्या सरासरीने जायचं असतं, लवकर पोचलास तरी गुण जातात आणि उशिरा पोचलास तरी. पायाला लगाम लावायची सवय तिथेच लागते. मला ती महाजनच्या रस्त्यावर लागली, आणि किंमत दुसऱ्या माणसाने मोजली.

गाडी त्याने घेतली. परवा फोनवर म्हणाला, "मामा, उद्यमनगरात एक मिस्त्री आहे, इंजिनाची ताकद वाढवून देतो म्हणतोय." मी म्हटलं, "आधी रोल केज बसव आणि फोटो पाठव. मग बोलू."

फोटो अजून आलेला नाही. मी रोज विचारतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.