सरळव्याज शून्य आले तेव्हा

१९९६ च्या दहावीच्या बॅचला संगणकाची खोली आठवत असेल. तिघींत एक यंत्र, त्यावर जीडब्ल्यू-बेसिक, आणि लाइट गेली की सारे लिहिलेले गायब. एका तासाला माझ्या शेजारणीने वहीतले सरळव्याजाचे सूत्र जसेच्या तसे टाइप केले: आय = पीएनआर/१००. मुद्दल, मुदत, दर बरोबर भरले होते. उत्तर आले ०. वर्गातली हुशार म्हणून मिरवणारी मी म्हणाले, "तुझं गणितच कच्चं आहे." मैत्रिणी हसल्या. तिच्या घरी यंत्रमाग होता. ती एवढेच म्हणाली, "धागा तुटला की अप्पा माग थांबवतात. हे थांबलं बी नाही, सांगितलं बी नाही." त्यानंतर ती की-बोर्डला हात लावेना.

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळले. '४एसी' लिहिले तर बेसिक 'सिंटॅक्स एरर' दाखवून ती ओळ समोर आणायचे. पण 'पीएनआर' हे त्याला एकच नवे नाव वाटले. त्याला किंमत दिलेली नाही, म्हणून शून्य. चूक होती, तक्रार नव्हती. गुणाकारासाठी मध्ये तारा (*) हवा होता.

मग वहीत तो का नव्हता? अक्षरे नुसती शेजारी ठेवली की गुणाकार समजायचा, ही सवय युरोपातली. देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथात ती दिसते. आपल्याकडची रीत निराळी होती. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (बारावे शतक) अव्यक्त राशींना 'या', 'का' अशी नावे आणि नुसत्या संख्येला 'रू'. 'या ५ का ८ रू ७' म्हणजे या तिघांची बेरीज! दोन अव्यक्तांचा गुणाकार असेल तर 'भा', म्हणजे भावित, असे वेगळे लिहावे लागे. (चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. सहल काढायला हरकत नाही.) म्हणजे खूण गाळायची नाही, हा यंत्राचा हट्ट भास्कराचार्यांना मुळीच विचित्र वाटला नसता.

यंत्राकडे हा तारा आला तो फोरट्रानमधून. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये ती भाषा आणली. नावाचा अर्थच सूत्रांचे भाषांतर. छिद्रे पाडलेल्या कार्डांवर ना फुलीचे चिन्ह होते, ना वर लिहिलेला घातांक. म्हणून गुणाकाराला एक तारा, घाताला दोन. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्त्झ यांनी बेसिक केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही जमावी म्हणून. गुणाकाराचा तारा तिथेही राहिला, आणि पुढे आमच्या खोलीत पोचला.

नोकरीत नवीन आलेली मुले अजून हीच चूक करतात. आजची पायथॉन भाषा मात्र किंमत न दिलेले नाव दिसले की थांबते आणि तसे सांगते. अप्पांच्या मागासारखी.

मेळाव्याच्या यादीत तिचे नाव पाहिले. पंगतीत माझ्या शेजारची जागा धरून ठेवणार आहे. बाई, तुझे गणित पक्के होते. दोन तारे तेवढे राहिले होते, आणि ते मलाही माहीत नव्हते.